गेट उघडं आहे

सदतीस वर्षं मी रेल्वेचं फाटक सांभाळलं. गेटमन म्हटलं की लोकांना वाटतं, खाटेवर बसून बिडी ओढणारा माणूस. गाडी आली की दांडा खाली, गेली की वर. वाटू दे. ज्याला दुसऱ्याचं काम सोपं वाटतं त्याला समजवायला जाऊ नये, असं माझं मत आहे. पण पुढचं सगळं कळायचं तर त्या कामातली एक पद्धत कळायला हवी, म्हणून तेवढी सांगतो.

आमच्या गेटला सिग्नल नव्हता, फक्त फोन होता. स्टेशन मास्तर फोन करायचा, अमुक गाडी सोडतोय, गेट बंद कर. मी बाहेर जायचो, दोन्हीकडची माणसं थांबवायचो, चाक फिरवून दांडे खाली घ्यायचो, कुलूप घालायचो आणि मग फोनवर येऊन मास्तरला एक दोन आकडी नंबर द्यायचो. तो आमच्याजवळच्या छापील कागदावरून वाचायचा. त्यात आकडे ओळीनं नसतात. त्रेसष्टनंतर अठरा, अठरानंतर एक्क्याऐंशी. वापरला की त्यावर काट मारायची आणि वेळ लिहायची. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. 'हो साहेब, केलं बंद' या वाक्याला रेल्वेत काडीची किंमत नाही. तोंडाला काय, ते सवयीनं हो म्हणतं. नंबर द्यायचा तर कागद ओढावा लागतो, आकडा शोधावा लागतो, आणि तेवढ्या वेळात आपण काय कबूल करतोय ते माणसाला आठवतं. नंबर गेला की मास्तर गाडी सोडतो. नियम एकच, काम झाल्याशिवाय नंबर द्यायचा नाही.

माझी मुलगी गौतमी युक्रेनमध्ये डॉक्टरी शिकत होती. तिसऱ्या वर्षाला असताना त्या देशावर शेजाऱ्यानं हल्ला केला. आठ दिवस तिनं काय खाल्लं, कुठं झोपली, हे तिनं अजून सगळं सांगितलेलं नाही आणि मीही खोदून विचारलेलं नाही. ती परत आली तेव्हा दौंड स्टेशनबाहेर बॅनर लागला होता. आमच्या भागातले पुढारी साहेबराव यांचा चेहरा सुपाएवढा आणि खाली कोपऱ्यात गौतमीचा बसच्या पासावरचा फोटो. वर लिहिलं होतं, 'आमच्या प्रयत्नांना यश'. गौतमीनं तो बॅनर वाचला आणि मला विचारलं, "पप्पा, हे कोण?"

साहेबरावांनी आमच्या घरी येऊन, चहा पिऊन, सगळ्यांसमोर शब्द दिला. "काका, पोरीला इथंच मेडिकलला बसवतो. वरपर्यंत बोलणं झालंय." वरपर्यंत म्हणजे कुठपर्यंत, ते त्यांनी सांगितलं नाही. मार्च गेला, जून गेला, गणपती बसले आणि उठले. गौतमी मोबाईलवर तिकडची लेक्चरं ऐकत होती. त्यातला एक सर सैन्याच्या छावणीतून शिकवायचा. सप्टेंबरात तिनं सांगितलं, "कॉलेज पुन्हा सुरू होतंय. मी परत जाणार."

मी भडकलो. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावरच असतो, त्या दिवशी तो डोक्यावर गेला. मी म्हटलं, लोक तिथून जीव घेऊन पळतायत आणि ही निघाली तिकडं. करुणा, म्हणजे माझी बायको, नुसती रडत होती. शेवटी मी गौतमीला घेऊन गावाला गेलो, मांडवगण फराट्याला, माझ्या आईकडे. माझी आई भागुबाई शहाऐंशी वर्षांची आहे आणि तिचं कुणीही ऐकतं. मला वाटलं, ती चार शब्द सुनावेल आणि विषय संपेल.

आई पडवीत कांदा निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग नातीला म्हणाली, "तिकडं बाम पडत्यात म्हनं."

"पडतात, आजी."

"मंग?"

गौतमी खाली बसली आणि तीही कांदा निवडायला लागली. म्हणाली, "आजी, बाबासाहेब लंडनहून माघारी आले तेव्हा महायुद्ध चालू होतं. त्यांच्या पुस्तकांची बोट शत्रूनं बुडवली. शिक्षण अर्धं राहिलं होतं. पण ते तीन वर्षांनी परत गेले आणि पुरं करून आले. पुस्तकं बुडाली म्हणून घरी बसले असते तर?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "आता बोल," म्हणाली. आमच्या घरात हा वाद पुढे चालवायची कुणाची छाती आहे? आईनं निवडलेला कांदा सुपात ओतला आणि म्हणाली, "ती शिकाया चालली, मराया न्हाई. तू तिला जित्तं ऱ्हायाचं कसं ते शिकीव. तुला एवढं तरी येतंय का?"

येताना एसटीत मी त्याच प्रश्नावर विचार करत बसलो. मला येत होतं काय? एकच गोष्ट. घरी आल्यावर मी दोन कागद घेतले, त्यावर आकडे लिहिले, तसेच उलटसुलट, आणि एक कागद गौतमीच्या हातात ठेवला. दुसरा आमच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला. हल्ल्याचा भोंगा वाजला की तळघरात जायचं. तळघरात पोहोचल्यावर तिथून नंबर पाठवायचा. 'मी ठीक आहे' चालणार नाही. ठीक आहे असं तर माणूस दवाखान्यातल्या खाटेवरूनही म्हणतो. नंबर पाहिजे.

"आन् एक लक्षात ठेव," मी म्हटलं. "ज्या दिवशी नंबर चुकंल, त्या दिवशी माघारी यायचं तिकीट काढायचं. मंग किती का वर्षं राहिली आसंनात."

ती कबूल झाली. तेव्हा मला वाटलं, मी फार हुशारीचं काम केलं.

गौतमी विनित्सा नावाच्या गावात राहायची, पाचव्या मजल्यावर. माझ्या सांगण्यावरून तिनं पायऱ्या मोजल्या; तळघरापर्यंत एकशे बारा. तिनं माझ्या मोबाईलवर तिथल्या सरकारचं ॲप घालून दिलं. तिच्या जिल्ह्यात भोंगा झाला की माझा मोबाईलही भोंग्यासारखाच ओरडायचा. पहिल्यांदा तो ओरडला तेव्हा मी दौंडच्या बाजारात मेथी घेत होतो. भाजीवाल्या विठाबाईच्या हातातली जुडी खाली पडली. बाजारातल्या सगळ्या माना एकदम कुरकुंभकडे वळल्या. तिकडं केमिकलच्या कंपन्या आहेत आणि भोंगा ऐकला की आधी तिकडच्या आभाळात धूर बघायचा, ही आमच्याकडची जुनी खोड आहे. मी ओरडून सांगितलं, "आपला न्हाई! युक्रेनचा हाय!" विठाबाई म्हणाली, "आगं बया, मंग इथं कशाला वाजिवता?" तेवढ्यात गौतमीचा नंबर आला, चौतीस. मी मेथीच्या जुडीच्या कागदावर लिहून घेतला.

अशी दोन वर्षं गेली. कागदामागून कागद भरले. भोंगा, चार-पाच मिनिटं, नंबर. भोंगा संपला, वर आली, दुसरा नंबर. मी वही घातली, वेळा लिहू लागलो. शेजारी हसायचे. "काका रिटायर झाले पर गेट काय सुटलं न्हाई," म्हणायचे. काहीजण मोबाईलवर युद्धाचे व्हिडिओ बघून मला कोण जिंकणार ते समजवायचे, जणू कबड्डीचा सामना आहे. मी म्हणायचो, "ज्याच्या घरात घुसलेत त्याला इचारा, आपल्याला कशाला इचारता?" मग ते गप्प बसायचे, किंवा मी उठून जायचो.

गौतमी सहाव्या वर्षाला गेली, शेवटच्या. त्या हिवाळ्यात तिकडं वीजघरांवर हल्ले चालले होते. दिवसातून पाच-पाच, सहा-सहा वेळा भोंगा व्हायचा. डिसेंबरातली गोष्ट. एका दुपारी भोंगा झाला आणि चाळीस सेकंदांत नंबर आला.

मी वहीत लिहिला. मग घड्याळाकडे बघितलं. चाळीस सेकंदांत मला माझी चप्पल सापडत नाही. एकशे बारा पायऱ्या, वर बूट, कोट, आणि वीज नसेल तर अंधार. मी स्वतःला समजावलं की ती खालच्याच मजल्यावर कुणाकडे असेल. दुसऱ्या दिवशी पन्नास सेकंद. तिसऱ्या दिवशी नंबर भोंग्याबरोबरच आला, जणू बोट तयार ठेवूनच बसली होती. मी व्हिडिओ कॉल लावला.

तिनं उचलला. अंगावर दुलई, मांडीवर पुस्तक. "हं पप्पा. खालीच आहे."

तिच्या गालावर उन्हाची तिरीप पडली होती.

"तळघराला खिडकी कवापासनं झाली?" मी विचारलं.

ती पुस्तक बाजूला ठेवून म्हणाली, "पप्पा, कालपासून सहावा भोंगा आहे. तळघरात उभं राहायला जागा नाही, बोटं आखडतात, वाचता येत नाही. परवा पेपर आहे. इथं निम्मे लोक आता उठतच नाहीत."

"मंग नंबर का दिलास?"

"न देऊन काय करू?" तिचाही आवाज चढला. ती माझीच मुलगी आहे. "तुम्हीच सांगितलंय, नंबर चुकला की तिकीट. सहा महिने राहिलेत, पप्पा. खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला बोलावून घेतलं असतं. नसतं घेतलं?"

मी तिला नको ते बोललो. खोटारडी म्हणालो, माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीची आण घातली, आणि फोन कापला. करुणा स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली. मी खुर्चीत बसून राहिलो. राग उतरला होता. मला त्या क्षणी भीती वाटत होती ती तिची नाही, माझीच. कारण चाळीस सेकंदांचा नंबर खोटा असतो हे जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मला कळलं. चोराच्या वाटा चोरालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी करुणा दळण घेऊन गेल्यावर मी गौतमीला परत फोन लावला. ती ताठच होती. मी म्हटलं, "तिकिटाचं बोलत न्हाई. एक सांगायचं हाय. मधी बोलू नगंस, न्हाईतर मला सांगता यायचं न्हाई."

आणि सांगितलं. करुणा तेव्हा पोटुशी होती, गौतमीच पोटात होती. उसाचा सीझन. मी नगर लाइनच्या गेटवर होतो. त्याच आठवड्यात एक गाडी माझ्या गेटपाशी खोळंबली होती आणि मला लेखी दम मिळाला होता, पुन्हा असं झालं तर चार्जशीट. दुपारी उसानं भरलेली एक बैलगाडी रुळावर चढली आणि तिचं चाक रुळालगतच्या खाचेत बसलं. बैल ओढतायत, हलत नाही. वर मोळ्यांवर एक ऊसतोडीची बाई बसलेली. तेवढ्यात खोलीत फोन वाजला. मालगाडी सोडायची होती.

मी आत पळालो. खरं सांगायला एक वाक्य पुरे होतं. पण डोळ्यांपुढं चार्जशीट आली, घरी करुणा, येणारं मूल. मला वाटलं, दोन मिनिटांत निघेलच की बैलगाडी. मी कागद ओढला आणि नंबर दिला. एकोणतीस. मास्तर म्हणाला, ठीक. त्याला कळायला हवं होतं, नंबर फार लवकर आला होता. पण तो काय माझा बाप नव्हता.

मी बाहेर आलो तेव्हा शिट्टी ऐकू येत होती आणि चाक तसंच अडकलेलं. मी, गाडीवान, रस्त्यावरचे दोघं, आम्ही खांदा लावला. ती बाई वरून उडी मारून आली आणि तिनंही लावला. बैलगाडी निघाली. इंजिनानं मागच्या दोन मोळ्या नेल्या. ऊस कांड्याकांड्यांनी सगळीकडं उडाला. माणूस वाचला, बैल वाचले. कुणी तक्रार केली नाही, कुणी विचारलं नाही. ती बाई खाली वाकून ऊस गोळा करायला लागली. मी मदतीला वाकलो, तर तिनं माझ्या हातातलं कांडं काढून घेतलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. तिनं शिवी दिली असती तर मी ती विसरलो असतो.

गौतमीनं विचारलं, "मम्मीला माहीत आहे?"

"न्हाई."

"का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? मी नंबर दिला व्हता."

मी म्हटलं, "आता ऐक. त्या दिवशी मी मास्तरला म्हनलो आसतो, साहेब, गेट उघडं हाय, बंद होत न्हाई, तर काय झालं आसतं? त्यानं शिव्या दिल्या आसत्या. ड्रायव्हरला कागद दिला आसता, गेटच्या अलीकडं थांब, बघ, मंग जा. गाडी दमानं आली आसती. उघड्या गेटनं मानूस मरत न्हाई, पोरी. बंद म्हनून सांगितलेल्या उघड्या गेटनं मरतो. मी तुला आशी अट घातली की खरं सांगितलं की तुझं डॉक्टर व्हनं गेलं. मलाबी आसंच भ्या घातलं व्हतं. मी कसा इसरलो कुनास ठाऊक."

"मग आता?"

"आता खाली गेलीस तर नंबर दे. जायाला जमलं न्हाई तर लिही, 'गेट उघडं'. मी वराडनार न्हाई, फोन करनार न्हाई, माघारी बोलावनार न्हाई. पर जमंल तवा जायाचं. आळस केलास तर तुझी तू जबाबदार."

"शब्द देता?"

"शब्द साहेबरावबी देतो," मी म्हटलं. "नंबर घे. चौऱ्याऐंशी."

ती रडली आणि हसली. मी भिंतीवरच्या कागदावर चौऱ्याऐंशीचा आकडा शोधला, पण पेन टेकवून थांबलो. काम झालेलं नव्हतं. मी पुढं जे करणार म्हणत होतो, त्याचा नंबर आजच देऊन बसलो होतो. आयुष्यात दुसऱ्यांदा. काट न मारता मी पेन खिशात ठेवलं.

त्यानंतर गौतमीचे नंबर पुन्हा चार-पाच मिनिटांनी यायला लागले. कधी सहा मिनिटं. एकदा तिनं लिहिलं, 'जिन्यात आहे, गर्दी आहे, थांबा', आणि मग नंबर. 'गेट उघडं' असं मात्र तिनं एकदाही लिहिलं नाही. मला आतून वाटत होतं, ती वेळ येणारच नाही. माणूस असं स्वतःला फसवण्यात पटाईत असतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साहेबराव आले. नगरपालिकेची निवडणूक आज होते, उद्या होते, अशी तीन वर्षं लटकलेली होती आणि ते तीन वर्षं उभेच होते. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "काका, जयंतीला स्टेजवर मोठा स्क्रीन लावतोय. गौतमीताईंचा एक छोटा व्हिडिओ पायजे. दोनच मिनिटं. त्यांना माघारी कुणी आणलं, एवढं त्यांनी सांगावं. बाकी आम्ही बघतो."

"ती माघारी आली व्हती, आन् परत गेली," मी म्हटलं. "का गेली तेबी सांगू द्यायचं का दोन मिनिटांत?"

ते हसले. राजकारणातल्या माणसाला हसायला कारण लागत नाही. "तुम्ही पण ना, काका! आवो, मी त्यांना इथं आनायला आजबी तयार हाय."

करुणानं चहा आणून ठेवला आणि माझा मोबाईल ओरडला. साहेबरावांच्या बशीत चहा सांडला. "कुरकुंभ?" ते उठलेच.

"बसा. तिचा हाय."

दुपारचे सव्वातीन वाजले होते. म्हणजे तिकडं पाऊण. त्या महिन्यात गौतमी हॉस्पिटलात काम शिकत होती. त्या इमारतीलाही तळघर होतं आणि तिथल्या पायऱ्या चव्वेचाळीस. मी वही उघडली, वेळ लिहिली. तीन मिनिटं. चार. सहा. मग मेसेज आला.

'गेट उघडं आहे पप्पा. तीन पेशंट हलवता येत नाहीत. सिस्टरबरोबर वॉर्डात थांबतेय.'

मी दोनदा वाचला. मग मोठ्यानं वाचला, कारण करुणा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"गेट उघडं म्हंजी?" तिनं विचारलं.

"ती खाली गेली न्हाई."

"मंग बघताय काय? लावा फोन! तिला म्हनावं पळ आदुगर!"

"व्हय काका, लावा," साहेबराव म्हणाले. "मी दिल्लीला बोलतो. आत्ता बोलतो." आणि खरोखरच त्यांनी मोबाईल कानाला लावला. दिल्लीत कुणी उचलला की नाही ते मला माहीत नाही. थोड्या वेळानं ते बोलत बोलत अंगणात गेले, चपला घातल्या आणि बोलतच निघून गेले.

करुणानं माझ्या हातातला मोबाईल ओढला. मी तिचा हात धरला. बत्तीस वर्षांच्या संसारात मी तिचा हात असा कधी धरला नव्हता.

"फोन करायचा न्हाई," मी म्हटलं. "मी तिला नंबर दिलाय."

"खड्ड्यात गेला तुमचा नंबर! माझी पोर हाय ती!"

"माझी न्हाई का?" मी ओरडलो आणि मग माझाच आवाज फुटला. "करुणा, आत्ता आपुन फोन केला तर ती परत कदी खरं सांगनार न्हाई. तिथं बसून खोटा नंबर देईल, आन् आपुन हितं चहा पीत बसू. मला आसला चहा नगं. बस तू. तुला एक सांगायचं हाय."

पंचवीस वर्षांनी मी तिला बैलगाडीचं सांगितलं. नजर भिंतीवर ठेवून सांगितलं. तिनं मोबाईल सोडला नाही, पण फोनही लावला नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "त्या बाईचं नाव काय व्हतं?"

"इचारलं न्हाई."

"इचारायचं व्हतं," करुणा म्हणाली. एवढंच. मग पदरानं डोळे पुसून तिनं मोबाईल ट्रंकेवर आम्हा दोघांच्या मध्ये ठेवला.

चार वाजले. बाहेर डेमू लोकल गेली, नेहमीसारखी उशिरा. सवाचार. करुणा मधेच उठायची, दारापर्यंत जायची, परत येऊन बसायची. मी तिला तिकडच्या वॉर्डाबद्दल जे काही माहीत होतं ते सांगितलं. खिडक्यांना आतून पट्ट्या लावल्यात. पेशंटच्या खाटा भिंतीच्या बाजूला ओढून घेतात. मला फारसं माहीत नव्हतं, म्हणून तेच तेच सांगत राहिलो. माझा हात तीन वेळा मोबाईलकडे गेला. तिसऱ्या वेळी करुणानंच तो बाजूला केला.

चार वाजून सत्तावीस मिनिटांनी ॲपनं भोंगा संपल्याचं सांगितलं. आम्ही दोघंही हललो नाही. भोंगा संपला म्हणजे माणूस आहे असं होत नाही, हे दोन वर्षांत शिकलो होतो. एक मिनिट. दोन. चार. करुणानं माझ्या मनगटाला नखं रुतवली होती, ते मला नंतर दिसलं.

'गेट बंद. ५७. आम्ही सगळे आहोत. आता पेशंटला जेवण देतेय, नंतर बोलते.'

करुणा ट्रंकेवर डोकं टेकून रडली, मोठ्यानं. मी तिला रडू दिलं. मग उठून वहीत लिहिलं, गेट उघडं तीन एकवीस ते चार एकतीस. खाली सही केली. 'गेट उघडं' हे दोन शब्द लिहायला अर्धी ओळसुद्धा लागली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एवढीच अर्धी ओळ मला जमली नव्हती.

करुणा डोळे पुसत माझ्यामागं येऊन उभी राहिली. भिंतीवरच्या कागदावर सगळ्या काटांच्या मधे एकच आकडा बिनकाटेचा राहिलेला तिला दिसला. "ह्यो का ठिवलाय मोकळा?" तिनं विचारलं.

"त्यो माझा हाय," मी म्हटलं. "काम झालं नव्हतं."

आणि पेन काढून चौऱ्याऐंशीवर काट मारली, शेजारी वेळ लिहिली.